उकळतें तळें आणि सोपी वाट

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं नववीच्या वर्गावर भूगोलाचा तास चालला होता. ज्वालामुखी व उष्णोदकाचे झरे हा त्या दिवसाचा विषय होता. वेस्ट इंडीज द्वीपमालेंतील डोमिनिका नांवाच्या एका लहानशा बेटाची हकीकत मीं मुलांना सांगत होतों. दाट अरण्यानें झांकलेले तेथील पर्वत, त्यांच्या कड्यांवरून कोसळणारे धबधबे, आणि त्याच पर्वतांच्या कुशींत रात्रंदिवस खदखदणारें एक तळें, हें सारें मुलें तन्मय होऊन ऐकत होतीं. त्या तळ्यापर्यंत गाडीरस्ता नाहीं. डोंगर चढत-उतरत सुमारें तीन तास जावें आणि तितकाच वेळ परत यावें, तेव्हां तें दृष्टीस पडतें, असें मीं सांगितलें. इतक्यांत मागच्या बांकावरून प्रश्न आला, "सर, मग तेथें सडक कां करीत नाहींत?"

आम्हां शिक्षकांच्या पोतडींत अशा प्रसंगीं उपयोगी पडणारीं कांहीं ठराविक वाक्यें नेहमींच तयार असतात. "जें सहज मिळतें त्याची किंमत राहत नाहीं, बाळ," असें उत्तर देऊन मीं पुढें चाललों. वर्गानें माना डोलावल्या आणि तास संपला. पण तास संपल्यावर तो प्रश्न विचारणारा मुलगा माझ्या टेबलाजवळ आला. लहानपणच्या दुखण्यानें त्याचा एक पाय अधू झालेला आहे व तो कुबडीच्या आधारानें चालतो. अत्यंत नम्रपणें तो म्हणाला, "सर, मग माझ्यासारख्यानें तें तळें कधींच पाहावयाचें नाहीं काय?"

ह्या प्रश्नाला त्या वेळीं मजजवळ उत्तर नव्हतें, आणि तें नव्हतें ह्याची लाज मला अनेक दिवस वाटत राहिली. दुर्गम स्थळें दुर्गमच राहूं द्यावींत, कीं त्यांच्यापर्यंत सोपी वाट करावी, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाहीं. डोमिनिकाच्या उदाहरणावरून त्याचा विचार करावा व माझें मत वाचकांपुढें ठेवावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम त्या बेटाची ओळख करून घेऊं. ग्वादलूप व मार्टिनिक ह्या दोन फ्रेंच बेटांच्या मध्यें डोमिनिका वसलेलें आहे. त्याच्या पूर्वेस अटलांटिक महासागर असून पश्चिमेस कॅरिबियन समुद्र आहे. नांवाच्या साम्यामुळें पुष्कळजण डोमिनिकन प्रजासत्ताक व डोमिनिका ह्यांत घोटाळा करतात. परंतु तो देश निराळा. आपलें हें बेट सुमारें ४७ किलोमीटर लांब व २६ किलोमीटर रुंद असून त्याचें क्षेत्रफळ ७५० चौरस किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षां थोडेंसेंच मोठें आहे. लोकवस्ती सत्तर हजारांच्या जवळपास. एवढ्याशा जागेंत नऊ ज्वालामुखी आहेत. ते आज शांत असले, तरी कायमचे विझले असें शास्त्रज्ञ म्हणत नाहींत. सर्वांत उंच शिखर मॉर्न दियाब्लोतँ हें १,४४७ मीटर उंच आहे. आपल्या कळसूबाईपेक्षां तें सुमारें दोनशें मीटरांनीं ठेंगणें खरें. परंतु कळसूबाई समुद्रापासून दूर पठाराच्या मांडीवर बसलेली आहे, आणि हें शिखर मात्र समुद्राच्या कांठापासून थोड्याच अंतरावर एकदम आकाशांत शिरलेलें आहे. त्यामुळें समुद्रावरून येणारे ढग तेथेंच अडतात, आणि बेटाच्या अंतर्भागांत वर्षाकांठीं ७,००० मिलिमीटरांहूनही अधिक पाऊस पडतो. आपल्या महाबळेश्वरासही हा पाऊस मागें टाकील. वर्षाचे जितके दिवस तितक्या आमच्या नद्या, असें तेथील लोक अभिमानानें म्हणतात.

ता. ३ नोव्हेंबर १४९३ रोजीं, रविवारीं, कोलंबसाला हें बेट दिसलें, आणि रविवाराच्या लॅटिन नांवावरून त्यानें त्याला डोमिनिका म्हटलें. ह्या बेटाचें स्वरूप स्पेनच्या दरबारांत सांगावयाचें झालें तेव्हां त्यानें एक कागद मुठींत चुरगाळून टेबलावर टाकला, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, बेटाचा नकाशा पाहणाऱ्याला ती पटते खरी. परंतु त्याच्या पूर्वीं पिढ्यान्पिढ्या तेथें राहणाऱ्या कालिनागो लोकांनीं आपल्या भूमीस अगोदरच नांव दिलेलें होतें. 'वाइतुकुबुली' हें तें नांव, आणि 'उंच आहे तिची काया' असा त्याचा अर्थ. एका नांवांत येणाऱ्याचा वार आहे, दुसऱ्या नांवांत भूमीचें रूप आहे. दोन्हींपैकीं कोणत्या नांवांत डोळस दृष्टि आहे, हें विद्यार्थ्यांनींच ठरवावें.

आतां ह्या पर्वतांच्या दुर्गमपणानें काय केलें तें पाहूं. भोंवतालचीं बेटें एकामागून एक युरोपीय सत्तांच्या हातीं गेलीं, पण डोमिनिकाच्या डोंगरांत शिरणें कोणालाही सोपें गेलें नाहीं. १७४८ सालीं ब्रिटन व फ्रान्स ह्यांनीं तहांत असें ठरविलें कीं हें बेट तटस्थ ठेवून मूळच्या रहिवाश्यांकडेच राहूं द्यावें. तो शब्द फार दिवस पाळला गेला नाहीं; १७६३ च्या तहानें बेट ब्रिटिशांकडे गेलें. मळ्यांवर राबण्यासाठीं आफ्रिकेंतून माणसें धरून आणण्यांत आलीं. त्यांच्यांतील जे धाडसी होते ते रात्रीं साखळ्या तोडून ह्याच डोंगरांत पळाले, तेथें त्यांनीं वस्त्या केल्या, शेतें केलीं, आणि मळेवाल्यांच्या सैन्याशीं वर्षानुवर्षें झुंज दिली. जाको नांवाचा त्यांचा एक नायक होता. १८१४ सालीं तो लढतां लढतां मारला गेला, पण उभ्या कड्यांत खोदलेल्या उंच पायऱ्या अद्यापि त्याच्याच नांवानें ओळखल्या जातात. गुलामगिरी उठविणारा कायदा अंमलांत आला तो १८३४ सालीं. कालिनागो लोकही ईशान्येकडील खडकाळ किनाऱ्याच्या आश्रयानें टिकून राहिले. १९०३ सालीं सुमारें ३,७०० एकर जमीन त्यांच्यासाठीं राखून ठेवण्यांत आली, आणि त्यांचे वंशज आजही तेथें नांदत आहेत.

सह्याद्रीच्या छायेंत वाढलेल्या मराठी मुलांना ह्याचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाहीं. दुर्गमपणा ही निसर्गाची खोड नव्हे. कित्येकदां दुर्बळांचा तो एकुलता एक तट असतो. आज प्रवासी ज्या वाटेला 'कठीण' म्हणून नाक मुरडतो, तीच वाट कठीण होती म्हणून एके काळीं कोणाचा तरी जीव वांचला. २०११ सालीं ह्या बेटावर दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत सुमारें १८५ किलोमीटरांची एक पायवाट चौदा टप्प्यांत खुली करण्यांत आली. कालिनागो लोकांच्या व पळून आलेल्या गुलामांच्या जुन्या वाटा तिच्यांत जागोजाग गुंफलेल्या आहेत. तिच्यावरून चालणें म्हणजे इतिहासाचें पुस्तक पायांनीं वाचणें होय.

आतां त्या तळ्याकडे वळूं. रोझो ही बेटाची राजधानी. तेथून वर डोंगरांत लोदा नांवाचें खेडें आहे, व त्याच्याजवळच्या तितू नांवाच्या अरुंद घळीपासून तळ्याची पायवाट सुरू होते. जातां-येतां मिळून तेरा किलोमीटरांच्या आसपास चाल पडते. आरंभीं ओलें, काळोखें अरण्य लागतें. झाडांच्या बुंध्यांवर शेवाळें व नेचे वाढलेले असतात आणि पायांखालीं चिखल व मुळांच्या पायऱ्या असतात. वाटेंत एक थंडगार नदी ओलांडावी लागते. पुढें मॉर्न निकोल्स हा डोंगर चढून गेलें कीं पलीकडे वाफेचे लोट दिसूं लागतात. त्यांच्या रोखानें उतरलें म्हणजे 'उजाड दरी' लागते. इथपर्यंत हिरव्यागार असलेल्या सृष्टीनें एकाएकीं अंगावरचें वस्त्र टाकून द्यावें, तसें येथें होतें. झाड नाहीं, पाखरूं नाहीं. पिवळी, तांबडी, पांढरी माती. काळे, राखी, दुधाळ ओहोळ. जमिनींतील भोंकांतून फुसफुसणारी वाफ. आणि गंधकाचा उग्र दर्प. पाऊल चुकलें तर पातळ कवचाखालीं उकळता चिखल असतो. ही दरी ओलांडून आणखी थोडें चाललें कीं एका खोल कढईसारख्या खड्ड्याच्या कांठावर माणूस उभा राहतो, आणि खालीं, वाफेच्या पडद्याआड, सुमारें साठ मीटर रुंदीचें राखाडी-निळें पाणी मध्यभागीं उसळ्या मारीत खदखदत असलेलें दिसतें.

ह्या तळ्याची लिखित नोंद प्रथम १८७० सालची आहे. बेटावर नोकरीनिमित्त राहणारे एडमंड वॉट व डॉ. हेन्री निकोल्स ह्या दोघां इंग्रजांनीं तें पाहिलें. १८७५ सालीं डॉ. निकोल्स व त्रिनिदादच्या वनस्पति-उद्यानांतील प्रेस्टो नांवाचे अधिकारी ह्यांनीं तेथें जाऊन मोजमाप केलें. कांठाशीं पाण्याचें उष्णमान ८२ ते ९१.५ अंश सेल्सिअस भरलें. मध्यभागीं, जेथें पाणी उकळत होतें, तेथें मोजणें शक्य झालें नाहीं. आणि खोली १९५ फुटांहून अधिक आढळली. जगांतील अशा उष्ण तळ्यांत न्यूझीलंडमधील एका तळ्याच्या खालोखाल ह्याचाच क्रम लागतो.

हें पाणी तापतें कसें? पावसाचें पाणी व दोन लहान ओहोळ ह्या खड्ड्यांत उतरतात. खालीं, खोलवर, वितळलेल्या खडकाची उष्णता आहे. तिच्यामुळें वाफ व वायु भेगांतून जोरानें वर येतात, पाण्याला तापवितात व घुसळतात. हा वर येणारा जोर पाण्याला एक प्रकारें उचलून धरतो. तो मंदावला कीं पाणी खालीं जिरून जातें. डिसेंबर २००४ मध्यें असेंच झालें. तळें उतरलें, उकळी थांबली, आणि १८८० सालच्या गोष्टीची जाणत्यांना आठवण झाली. त्या वर्षीं जानेवारींत ह्याच परिसरांत वाफेचा प्रचंड स्फोट होऊन त्याची राख थेट रोझो शहरावर पडली होती. २००५ च्या एप्रिलपर्यंत तळें पुन्हां भरलें व पूर्ववत् उकळूं लागलें. तात्पर्य, हें तळें पर्वताचा श्वास आहे. तो श्वास केव्हां कोंडेल व केव्हां सुटेल हें सांगतां येत नाहीं.

आपल्या कोंकणांतही उन्हाळीं आहेत. तुरळ-राजवाडीच्या, उन्हवऱ्याच्या किंवा वज्रेश्वरीजवळच्या कुंडांत ज्यांनीं पाय बुडविले आहेत, त्यांना जमिनींतून येणाऱ्या उष्णतेचा अनुभव आहे. मात्र कोंकणांत जागता ज्वालामुखी नाहीं. तेथें पाणी भेगांतून खोल जातें, पृथ्वीच्या स्वाभाविक उष्णतेनें तापतें व वर येतें. डोमिनिकांत मात्र खालची आग जवळ आहे. वॉटन वेव्हन ह्या खेड्यांत ह्याच उष्णोदकाचीं स्नानकुंडें आहेत, आणि दक्षिणेकडील सुफ्रिएर गांवाजवळ तर समुद्राच्या तळांतून वायूचे बुडबुडे अखंड वर येत असतात. रोझो दरींत २०११-१२ च्या सुमारास विहिरी खणून ह्या उष्णतेपासून वीज मिळविण्याची परीक्षाही करण्यांत आली. इंधनासाठीं परक्यांच्या तोंडाकडे पाहणाऱ्या लहान बेटाला ह्याचें महत्त्व किती, हें सांगणें नको.

धबधब्यांचेंही तसेंच आहे. ट्रॅफल्गर येथें दोन धबधबे शेजारी-शेजारी पडतात. लोक त्यांना आई व बाप म्हणतात. उंच धबधब्याच्या पायथ्याशीं गरम पाण्याचे झरे थंड पाण्याला येऊन मिळतात व त्यांतील क्षारांनीं खडक नारिंगी झालेले आहेत. ही जागा गाडीरस्त्यापासून थोड्याच मिनिटांच्या अंतरावर आहे. ह्याच दरीच्या पाण्यावर वीजगृहें चालतात. उकळत्या तळ्यांतून बाहेर पडणारें पाणी पुढें व्हाइट नदींतून वाहत जाऊन दुसऱ्या एका मोठ्या धबधब्याच्या रूपानें कोसळतें, आणि क्षारांमुळें तें दुधासारखें पांढुरकें दिसतें. म्हणजे पर्वत, झरा व धबधबा हीं तीन निराळीं प्रेक्षणीय स्थळें नव्हेत. ढग, अरण्य, आग व पाणी ह्यांचें तें एकच कुटुंब आहे. एकाला धक्का लागला कीं दुसऱ्याला लागतो. हें ओळखूनच १९७५ सालीं ह्या भागाचें राष्ट्रीय उद्यान करण्यांत आलें, आणि १९९७ सालीं युनेस्कोनें त्याला जागतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें.

इतकें सांगून झाल्यावर मूळ प्रश्नाकडे येतों. सडक नाहीं, तरी अलीकडच्या काळांत रोझो दरीतून ह्या तळ्याच्या दिशेनें सहा किलोमीटरांहून अधिक लांबीचा एक रज्जुमार्ग उभारण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न केवळ पोरकट नव्हता. तोच प्रश्न त्या देशाच्या कारभाऱ्यांनाही पडलेला आहे.

रज्जुमार्गाच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें प्रामाणिकपणें मांडलें पाहिजे. तो देश गरीब आहे. केळींच्या निर्यातीवर एके काळीं त्याचा संसार चाले, आणि तो आधार आतां पूर्वीसारखा राहिलेला नाहीं. वादळें त्याला वारंवार झोडपतात. प्रवासी आले तर चार घरांत चूल पेटते. दुसरें असें कीं वृद्ध, आजारी व पंगु माणसांनाही सृष्टीचें वैभव पाहण्याचा हक्क आहे. रायगडावर १९९६ सालीं रज्जुमार्ग झाला, आणि माझी वृद्ध आई त्याच पाळण्यांतून वर गेली. हजाराहून अधिक पायऱ्या चढणें तिला ह्या जन्मीं शक्य नव्हतें. समाधीपुढें तिनें हात जोडले तेव्हां तिच्या डोळ्यांत आलेलें पाणी मीं पाहिलें आहे. ती चालून आली नाहीं म्हणून तिच्या दर्शनाची किंमत कमी झाली, असें म्हणण्याचें धैर्य मला नाहीं. वर्गांत मीं दिलेलें तें ठराविक उत्तर म्हणूनच खोटें होतें, आणि तें मीं येथें परत घेतों. कष्टांनीं वस्तूची किंमत वाढतेच असें नाहीं; कष्ट करूं शकणाऱ्यांचा अहंकार मात्र पुष्कळदां वाढतो.

असें असूनही त्या तळ्यापर्यंत रज्जुमार्ग नेणें मला योग्य वाटत नाहीं, आणि त्याचीं कारणें तीन आहेत.

पहिलें कारण जागेच्या स्वभावाचें. रायगड हा माणसानें माणसांसाठीं बांधलेला गड. तेथें राबता होता, बाजारपेठ होती. तेथें गर्दी परकी नाहीं. उकळतें तळें कोणीही बांधलेलें नाहीं. तेथील जमीन कच्ची आहे, वायु गुदमरविणारे आहेत, आणि पर्वत केव्हां फुत्कार टाकील ह्याचा नेम नाहीं. मूठभर माणसें जाणत्या वाटाड्यामागून सावधपणें जातात तेथें तासातासाला शेंकडों माणसें उतरविलीं, तर त्यांचें व त्या जागेचें, दोघांचेंही कल्याण होणार नाहीं.

दुसरें कारण वाटाड्यांचें. १८७० सालच्या दोन इंग्रजांपैकीं एकाचें नांव डोंगराला मिळालें. परंतु अशा प्रवासांत हातांत कोयता घेऊन पुढें वाट तोडणारे, नदीचा ठाव घेणारे व ओझें वाहणारे जे स्थानिक लोक असतात, त्यांचीं नांवें नकाशावर क्वचितच चढतात. निदान आज तरी त्यांच्या वारसांना त्या ज्ञानाचा मोबदला मिळतो. कोणता खडक निसरडा, कोणती माती पोकळ, पाऊस आल्यावर नदी किती वेळांत चढते, हें त्यांना ठाऊक असतें. पाळणा आला म्हणजे तिकीट फाडणारा लागेल, पण जाणता माणूस लागणार नाहीं. पैसा देशांत येईल कदाचित्; तो कोणाच्या घरीं जाईल हा प्रश्न राहीलच.

तिसरें कारण मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें. जो चालूं शकत नाहीं तो एक, आणि जो चालूं इच्छीत नाहीं तो दुसरा. पहिल्याचें नांव पुढें करून दुसऱ्याची सोय करणें ही आपल्या काळाची एक चतुर रीति झाली आहे. पंगूसाठीं म्हणून मार्ग होतो, आणि त्यावरून धडधाकट माणसांच्या झुंडी जातात. दहा मिनिटें उभ्या राहतात, छायाचित्र काढतात, व उपाहारगृह कोठें आहे असें विचारतात. ज्याच्या नांवानें मार्ग झाला त्याला त्या गर्दींत उभें राहण्यापुरतीही जागा उरत नाहीं. अशा वेळीं सोपी वाट ही दया नसून दयेची बतावणी असते.

मग पंगूंनीं काय करावें? निसर्गानेंच त्या बेटावर ह्याची सोय कांहीं अंशीं करून ठेविली आहे, असें मला वाटतें. ट्रॅफल्गरचे धबधबे रस्त्याजवळ आहेत. वॉटन वेव्हनचीं कुंडें खेड्यांतच आहेत. ह्या ठिकाणच्या वाटा चाकाच्या खुर्चीला जातां येईल अशा नीट कराव्यात, कठडे बांधावेत, बसण्याला जागा कराव्यात. त्यांत कोणाचेंही नुकसान नाहीं. ज्या अग्नीनें तळें उकळतें त्याच अग्नीनें तीं कुंडेंही तापलेलीं आहेत. आणि ह्या सर्वांहून वर, डोंगराच्या गाभ्यांत, एखादी जागा अशी असूं द्यावी कीं जेथें जाण्यासाठीं माणसानें डोंगराच्या अटी मान्य केल्या पाहिजेत. सर्वच दारें आपल्यासाठीं सताड उघडीं असलीं पाहिजेत, ही अपेक्षा पाहुण्याला शोभणारी नव्हे.

कारण त्या पर्वतांवर माणूस पाहुणाच आहे, हें ता. १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्रीं पुन्हां एकदां सिद्ध झालें. त्या रात्रीं मरिया नांवाचें महाभयंकर चक्रीवादळ ह्या बेटावरून गेलें. सकाळीं लोकांनीं पाहिलें तों हिरवे डोंगर तपकिरी झालेले होते. झाडांवर पान म्हणून राहिलें नव्हतें. अनेक माणसें मेलीं, छपरें उडालीं, पूल वाहून गेले. देशाच्या एका वर्षाच्या एकूण उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक, म्हणजे २२६ टक्के, हानि झाली असा अंदाज करण्यांत आला. राष्ट्रध्वजावर ज्याचें चित्र आहे तो सिसेरू पोपट आधींच विरळ झालेला. तो ह्यांतून वांचला कीं नाहीं अशी चिंता पक्षितज्ज्ञांना पडली. पुढें तो पुन्हां दृष्टीस पडला. अरण्यही हळूहळू हिरवें झालें. पडलेलीं झाडें तोडून लोकांनीं वाटा मोकळ्या केल्या. जें अरण्य एवढ्या आघातांतून स्वतःस सांवरतें, त्याच्यावर आपला आणखी भार किती घालावा, ह्याचा विचार घालण्यापूर्वीं झालेला बरा.

हा लेख लिहून झाल्यावर मासिकाकडे देण्यापूर्वीं मीं तो त्या मुलाला वाचून दाखविला. लेखांत त्याची गोष्ट आलेली असल्यामुळें त्याची संमति घेणें मला आवश्यक वाटलें. सर्व ऐकून घेऊन तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, गर्दीविषयीं आपलें म्हणणें मला पटलें. पण कुंडांत पाय बुडविणें आणि तें तळें पाहणें हें एक नव्हे."

"नव्हे," मीं म्हटलें. "तें एक आहे असें मीं म्हणणार नाहीं."

"मग डोली कां नसावी?" तो म्हणाला. "आमच्या आजोबांना देवीच्या गडावर डोलींतून नेलें होतें. चार माणसें लागलीं. वर्षाकांठीं थोड्याच माणसांना डोली लागेल. वाट तीच राहील, वाटाडे तेच राहतील, आणि त्यांना चार पैसे अधिक मिळतील."

उकळत्या दरींतून, निसरड्या उतारावरून डोली नेणें शक्य आहे कीं नाहीं, हें मला ठाऊक नाहीं. तें तेथील वाटाड्यांनाच विचारलें पाहिजे. परंतु एवढें मात्र खरें कीं मोठमोठ्या यंत्रांच्या व मोठमोठ्या तत्त्वांच्या भरांत मला जें सुचलें नाहीं, तें त्या मुलाला सुचलें. जो चालूं शकत नाहीं त्याला जो चालूं शकतो त्यानें खांद्यावर घ्यावें, आणि दोघांनींही डोंगराच्या वाटेनेंच जावें, ह्याहून न्याय्य तोड मला दिसत नाहीं. विद्यार्थिमित्रहो, पुढें मोठे झाल्यावर तुम्हांपैकीं कोणी वाटा बांधणारे व्हाल, कोणी वाटा चालणारे व्हाल. वाट बांधण्यापूर्वीं ती कोणासाठीं आहे हें विचारा. आणि वाट चालतांना, मागें कोणी राहिलें आहे काय, हें एकदां वळून पाहा.